बाईंची साक्ष

मंगळवारी सकाळी सातच्या शिफ्टला बाईंच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली, तर खाली काहीच लागेना.

डायलिसिसच्या वॉर्डात कधी न आलेल्यांसाठी सांगतो. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात. धमनीचं जोरकस रक्त शिरेत शिरतं, शीर फुगते, जाड होते, आणि मग आठवड्यातून तीनदा आमच्या जाड सुया ती सोसते. चालू फिस्टुलावर बोट ठेवलं की मांडीवरचं मांजर घुरघुरावं तशी थरथर जाणवते. तिला आम्ही थ्रिल म्हणतो. पेशंटनं सकाळ-संध्याकाळ ती स्वतः तपासायची आणि थांबली तर त्याच क्षणी फोन करायचा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून घोकून घेतो. लवकर कळलं तर गुठळी काढून फिस्टुला वाचवता येतो. दिवस गेले की तो बहुतेक हातचा जातो.

बाईंची थ्रिल आमच्या वॉर्डात सगळ्यांत दणकट होती. सहा वर्षं एकच फिस्टुला, आणि त्यातली बहुतेक टोचणी माझ्या हातची. मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी शीर सुतळीसारखी कडक लागली. स्टेथोस्कोप लावला, आवाज नाही. जागा बदलून पुन्हा लावला.

"बाई, हे कधीपासून?"

"रविवारी सकाळी आंघोळीच्या वेळीच लागली नाही रे."

शनिवारी मशीन सुटता सुटता त्यांचं बीपी खाली आलं होतं. गुठळी व्हायला तेवढं निमित्त पुरतं. पण मी अडकलो तो 'रविवार' या शब्दावर. कारण रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाची उपकारस्तुती होती, पिकाबद्दल देवाचे आभार मानायची. वेदीपुढे भोपळे, मक्याची कणसं, तांदळाच्या पिशव्या मांडलेल्या. उपासनेनंतर कोंबड्यांचा लिलाव. आणि त्याआधी बाई साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या. सहा वर्षांत देवानं एकही दिवस उणा पडू दिला नाही, म्हणाल्या. मी तिसऱ्या बाकावर होतो. सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. तेव्हा त्यांचा हात बंद पडलेला होता आणि त्यांना ते माहीत होतं.

"फोन का नाही केला?"

"सणाचा दिवस. तुम्हा पोरांना कशाला त्रास? आणि म्हटलं, आहे त्यात समाधान मानावं."

हे बायबलमधलं वचन मला त्यांनीच शिकवलंय. नाशिकला शरणपूरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्या संडे स्कूलच्या बाई. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, अकरावं वचन: असेन त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. पाठ म्हटलं की बाई खडीसाखर द्यायच्या.

डॉपलर, म्हणजे रक्त वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी, झाली. सर्जननी हात बघितला आणि मान हलवली. दुपारी बाईंच्या मानेत तात्पुरती नळी बसली आणि चार तास मशीन चाललं. नवा फिस्टुला दंडात करायचा ठरला. तो पिकायला, म्हणजे सुया सोसण्याइतका जाड व्हायला, निदान सहा आठवडे. तोवर नळीतून जंतुसंसर्ग व्हायची भीती रोज सोबतीला.

तीन नंबरच्या खुर्चीवर एक काका असतात. एसी जास्त, चहा कमी, सुई वाकडी, सगळ्यावर तक्रार. गेल्या वर्षी थ्रिल गेली तेव्हा त्यांनी रात्री अकराला फोन करून मला झोपेतून उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी गुठळी निघाली. त्यांचा फिस्टुला आज चालू आहे. आणि याच काकांना मी किती वेळा म्हणालो असेन, "जरा बाईंकडे बघा, कधी हूं की चूं नाही."

ते मला आता झोपू देत नाही. रोज मी बाईंना विचारायचो, "बरं आहे ना, बाई?" त्या म्हणायच्या, "प्रभूची कृपा." आणि मी कागदावर 'तक्रार नाही' लिहून पुढच्या खुर्चीकडे वळायचो. आमच्या मंडळीतही गोड साक्षच चालते. जखम उघडी असताना उभं राहून 'देवा, किती काळ?' विचारणारं कुणी मी ऐकलेलं नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेत मात्र असा आक्रोश पानोपानी आहे.

त्या रात्री घरी तोच चौथा अध्याय पुढे वाचला. प्रेषित पौलानं ते पत्र बंदिवासातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं. अकराव्या वचनानंतर तीनच वचनांनी तो फिलिप्पैकरांना म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. त्यांनी पाठवलेल्या एपफ्रदीताच्या हाती आलेली मदत त्यानं घेतली आणि मिळाली असं लिहून कळवलं. म्हणजे संतुष्ट असलेल्या माणसाची अडचण लोकांना माहीत होती. हे वचन मी आठवीत पाठ केलं, पण अकराव्यालाच थांबलो. बाईही तिथंच थांबवायच्या.

गुरुवारी बाईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, बोट ठेवून चौदावं वचन दोनदा वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शनिवारी मी वेगळं विचारलं. "बाई, आज काय काय दुखतंय?"

"मान अवघडते. नळीपाशी खाजतं. कालपासून थोडी थंडी वाजतेय, रात्री दोनदा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही ना. लिहीत का नाहीस?"

मी लिहिलं, थर्मामीटर लावला आणि डॉक्टरांना हाक मारली.