टँकर कोणाच्या सहीने येतो?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाई-सरांच्या, मैदानाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवणी येतील, यायलाच हव्यात. माझ्या वाट्याची पानं मात्र आज नववी-दहावीच्या बाकांवर बसलेल्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. ‘ग्रामसभा’, ‘पंचायत समिती’, ‘जिल्हा परिषद’ हे शब्द आपण नागरिकशास्त्रात पाठ केले. या शब्दांच्या आत माणसं रोज काम करतात आणि त्या कामात आपल्यालाही जाता येतं, हे त्या वयात फारसं कुणी सांगत नाही. लोकांसाठी काम करायचंय असं म्हटलं, की घरून एकच उत्तर येतं: स्पर्धा परीक्षा दे. ती द्यावी, जरूर द्यावी. पण कोणतं काम करायचं आहे ते आधी कळावं आणि परीक्षा त्यानंतर निवडावी.

ते कसं कळणार? आपल्या जिल्ह्यातला एकच प्रश्न घ्या आणि त्याचा कागद कुठून कुठे जातो ते शेवटपर्यंत पाहा. उदाहरण उन्हाळ्यातल्या टँकरचं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तालुके पंधरा. टँकर सुरगाण्यालाही जातो आणि येवल्यालाही. रिकामे हंडे दोन्हीकडे सारखेच, कारण मात्र उलटं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा सह्याद्रीचा पट्टा. पाऊस धो-धो पडतो, पण उतार तीव्र, माती पातळ आणि खाली काळा कातळ. बरंचसं पाणी नार, पार, दमणगंगेच्या खोऱ्यांतून पश्चिमेला निघून जातं आणि एप्रिलपर्यंत विहिरींचा तळ दिसू लागतो. येवला, नांदगाव, चांदवड आणि सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो, तिथे मुळात पडतंच कमी. एकीकडे उत्तर आहे झरे राखणं, पाणी अडवणं, साठवणीच्या टाक्या. दुसरीकडे कालव्याचं आवर्तन, पिकांची निवड आणि उपशाला आवर. दोन्हीकडे एकच योजना लावली तर पैसा खर्च होतो आणि पुढच्या मे महिन्यात टँकर पुन्हा दारात उभा राहतो. हा फरक आकड्यांनिशी मांडून निधी योग्य कामाकडे वळवायचा, याला धोरणाचं काम म्हणतात.

आता कागद पाहू. टंचाई आराखडा तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. गावाला टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी होते, आणि प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्या मंजुरीने टँकर सुटतो. आधी जवळची खासगी विहीर अधिग्रहित करता येते का, हे पाहिलं जातं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते (ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे). म्हणजे कुठे टंचाई येणार याचा अंदाज जानेवारीतच बांधता येतो. तरीही ठराव एप्रिलमध्ये आला, तर दोष पावसाचा नाही.

कायमची नळपाणी योजना करायची तर फाइल लांबते. उद्भवाची (पाणी जिथून घ्यायचं त्या स्रोताची) खात्री, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयक आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटरचा मापदंड ठेवला आणि गावातल्या कामांसाठी लोकवर्गणी १० टक्के, डोंगराळ किंवा आदिवासीबहुल गावांत ५ टक्के ठेवली. योजना फसते ती बहुधा तीन ठिकाणी. उद्भव मे महिन्यात तपासलेला नसतो, पावसाळा संपताच भरलेल्या विहिरीवर विश्वास ठेवलेला असतो. विहिरीची किंवा टाकीची जागा खासगी असते आणि बक्षीसपत्र (जागा दान दिल्याचा दस्त) केलेलं नसतं. किंवा सगळं नीट होतं, पण पाणीपट्टी वसूल होत नाही, वीजबिल थकतं आणि पंपाची जोडणी तोडली जाते. या तिसऱ्या कारणाकडे अभ्यासकांचं सर्वांत कमी लक्ष जातं, कारण ते मंत्रालयातल्या अहवालात दिसत नाही. ते ग्रामपंचायतीच्या नमुना ९ मध्ये, म्हणजे मागणी नोंदवहीत दिसतं.

ही साखळी एकदा पाहिली, की आपण कुठे बसावं हे आपोआप उमगू लागतं. गावात राहून काम करायला आवडत असेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक). अनेक गावांचा मेळ घालायचा असेल तर गटविकास अधिकारी, त्यासाठी राज्यसेवा, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. मोजमाप आणि बांधकामात रस असेल तर अभियांत्रिकी सेवा. पैसा कुठे अडला हे शोधायला आवडत असेल तर वित्त व लेखा सेवा, ही राज्यसेवेतूनच मिळते आणि मुलं उगाच तिला मागे टाकतात. आकड्यांचं वेड असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालय किंवा केंद्राची भारतीय आर्थिक सेवा. त्या सेवेसाठी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि २१ ते ३० वय लागतं.

परीक्षेबद्दल नेमकं सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला जागा साधारण हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या आसपास असतात. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत सहा संधी, इतर मागास प्रवर्गाला ३५ पर्यंत नऊ. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ गुणांची, उत्तरं मराठीत लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर फक्त पात्रतेचे, पण त्यांत २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिकांचा उपयोग होत नाही. पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात ३३ टक्के लागतात आणि ‘तो सोपा असतो’ म्हणून सराव न करणारे दरवर्षी तिथेच थांबतात.

याहून मोठी चूक वेगळी आहे. पदवी संपल्यावर सहा-सात वर्षं नुसत्या परीक्षेत जातात आणि हाताशी दुसरं कौशल्य राहत नाही. म्हणून पदवी घेतानाच एखादी गोष्ट पक्की करा: संख्याशास्त्र, लेखापरीक्षण, नकाशाशास्त्र, कायद्याचा मसुदा वाचणं, काहीही चालेल. प्रयत्न किती करायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचं, हा आकडा पहिल्या अर्जाच्या आधी घरच्यांच्या देखत वहीत लिहून ठेवा. शुल्काची अडचण असेल तर नाशिकमध्येच शासनाचं पूर्वप्रशिक्षण केंद्र आहे, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

परीक्षेशिवायचे रस्तेही खरे आहेत. पुण्यातली १९३० सालची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था, पवईच्या आयआयटीतलं धोरण अभ्यास केंद्र इथे पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. ‘लॅम्प’ फेलोशिपमध्ये पंचविशीच्या आतले पदवीधर एका खासदारासोबत संसदीय कामाचं संशोधन करतात. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला ६० टक्के, एका वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आणि २१ ते २६ वय लागतं. हा अनुभव कुठून आणायचा? सुरगाणा-पेठमध्ये पाणी, आरोग्य, वनहक्क यांवर काम करणाऱ्या संस्थांना हिशेब आणि सर्वेक्षण नीट करणारी मुलं नेहमीच हवी असतात. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, मेरी ही जलसंपदा विभागाची संशोधन संस्था दिंडोरी रोडला आहे. इतर जिल्ह्यांतल्या मुलांना त्यासाठी प्रवास करावा लागतो.

तयारी कशाची करायची? शासन निर्णय वाचण्याची. वरचे ‘वाचा’खालचे संदर्भ आधी पाहा, कारण नवा निर्णय जुन्या कोणत्या निर्णयाला बदलतो ते तिथे असतं. मग लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्याखाली टाकायचा त्याचं नाव आणि क्रमांक, शोधा. ज्या निर्णयात लेखाशीर्ष आणि तरतूद नाही, त्याच्यामागे पैसा आहे असं धरू नका. नंतर शुद्धिपत्रक निघालं आहे का ते तपासा. आकडे वाचताना तरतूद, वितरित निधी आणि खर्च हे तीन वेगळे ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं उदाहरण घ्या. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात गावाला १० लाख आले तर ६ लाख बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे, त्यांतले ३ लाख पाण्याला आणि ३ लाख स्वच्छतेला. उरलेले ४ लाख अबंधित. त्या गावाने १० लाखांचा रस्ता का केला नाही, असा प्रश्न मग कुणी विचारणार नाही. प्रत्यक्ष खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो.

कोणाचा अधिकार कुठे संपतो, हेही शिका. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली, शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपलं. लासलगावचा बाजार राज्याच्या पणन कायद्याखाली चालतो, पण परदेशी व्यापार हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे. निवेदन चुकीच्या टेबलावर दिलं, तर ते कितीही चांगलं असलं तरी फक्त आवक नोंदवहीत जातं.

आणि लिहा. दोन पानांची टिपणी: प्रश्न काय, नियम काय म्हणतो, वस्तुस्थिती काय, पर्याय किती, प्रत्येकाचा खर्च किती, माझा प्रस्ताव कोणता. माहिती जाहीर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का’ विचारू नका, कागद मागा: अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, अमुक ठरावाची प्रत.

शाळेला एक विनंती आहे. ग्रंथालयात दरवर्षी जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ ठेवावं. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला नववीच्या एका तुकडीला जवळच्या गावात न्यावं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी ती. मुलांनी दाराशी बसून माणसं मोजावीत, आणि इतिवृत्तात नोंदलेला आकडा मागून घेऊन आपल्या वहीतल्या आकड्याशेजारी लिहावा.