न आलेल्या गाडीच्या वाटेवर

५ मे, मंगळवार

साडेसहाला उठले तर बाहेर अंधार. सेव्हियात तीन वर्षं काढली तरी याची सवय होत नाही. स्पेनची घड्याळं बर्लिनच्या वेळेवर चालतात आणि देश मात्र पार पश्चिमेला, त्यामुळे मे महिन्यातही सूर्य उगवायला सव्वासात-साडेसात होतात. बीडला पाचला उठून पळायची सवय असलेल्या माणसाने करायचं काय? ओल्वेरा नावाच्या या गावात सुट्टीला उतरलेय, तिथल्या घरमालकीण आजींच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. त्यांनी भाजलेल्या पावावर ऑलिव्हचं तेल ओतलं, आपण भाकरीवर गोडंतेल घेतो तसं सढळ हाताने, वरून मीठ. हिरवट, घशाशी किंचित तिखट लागणारं तेल. ओल्वेराच्या चारी बाजूंना नजर जाईल तिथवर ऑलिव्हच्याच बागा आहेत.

पहिल्या दिवशी लांब जायचं नाही असं ठरवलं होतं. गावातच पळाले. पांढरी घरं एका टेकडीवर चढत गेली आहेत. माथ्यावर एका बाजूला मूरांच्या, म्हणजे इथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळातला किल्ला आणि त्याच्या शेजारी दोन मनोऱ्यांचं चर्च. १३२७ साली कास्तीयच्या ख्रिस्ती राजाने हे गाव ग्रनादाच्या मुस्लिम राज्याकडून जिंकलं, त्यानंतर दीडेकशे वर्षं इथे दोन्ही राज्यांची सरहद्द होती. चर्चपर्यंतच्या गल्ल्यांचा चढ असा की पोटऱ्या भरून आल्या. दारात पाणी मारत उभ्या असलेल्या बाईने "आनिमो!" म्हणून ओरडून जोर दिला. वरून गाव बघत दहा मिनिटं उभी राहिले.

७ मे, गुरुवार

काल आणि आज दोन्ही दिवस रेमेदिओसच्या, म्हणजे मेरीमातेच्या, देवळाकडे. देऊळच म्हणते, कारण गावकऱ्यांचं तिथलं वागणं आपल्या गावाबाहेरच्या देवीसारखंच आहे. गावापासून दोनेक किलोमीटर, डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, कडेला लाल पॉपीची फुलं. जाऊन-येऊन अंतर फार नाही, पण चढउतार आहेत.

या देवळाची गोष्ट आजींनी सांगितली तेव्हा अंगावर काटा आला. १७१५ साली भयंकर दुष्काळ पडला होता. लोकांनी रेमेदिओसच्या मातेला साकडं घातलं आणि पाऊस आला. तेव्हापासून दरवर्षी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सगळा गाव तिथे जमतो. यंदाची जत्रा एप्रिलातच होऊन गेली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पावसाचे आभार हे लोक अजून मानतात. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी बाहेरच्या पायरीवर बुटाची नाडी सोडून पाच मिनिटं बसले आणि बीडसाठी मागितलं. यंदा वेळेवर येऊ दे.

८ मे, शुक्रवार

आज पहिल्यांदा व्हिया वेर्देवर. ज्याच्यासाठी रजा टाकून आले ते हेच.

व्हिया वेर्दे म्हणजे हिरवा मार्ग. बंद पडलेले किंवा कधी सुरूच न झालेले रेल्वेमार्ग चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी, पळणाऱ्यांसाठी खुले करायचे, असं काम स्पेनने १९९३ मध्ये हाती घेतलं. आज देशभर असे ३,००० किलोमीटरहून जास्त मार्ग आहेत. ओल्वेराहून निघणारा हा मार्ग ३६ किलोमीटरचा, पुएर्तो सेर्रानोपर्यंत. ३० बोगदे, ४ मोठे पूल. हेरेसहून आल्मार्हेनला जाणारी गाडी इथून धावणार होती. १९२० च्या दशकात काम सुरू झालं, डोंगर फोडले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग पैसा आटला, १९३६ ला यादवी युद्ध पेटलं, आणि गाडी आलीच नाही. एकदाही नाही.

ओल्वेराच्या स्टेशनच्या इमारतीत आता हॉटेल आहे. तिथून पळायला लागले. रेल्वेसाठी आखलेली वाट असल्याने चढ-उतार अंगावर येत नाहीत. आगगाडीला जेवढा उतार झेपतो तेवढाच. ओल्वेराकडून निघालं की एकंदर उतारच, त्यामुळे जाताना पाय आपोआप सुटतात. येताना हिशेब चुकता होतो, हे ध्यानात ठेवावं. सहा किलोमीटरवर परत फिरले.

बोगद्यात शिरताना आधी गारवा चेहऱ्यावर येतो, मग अंधार. मोठ्या बोगद्यांत चाहूल लागली की दिवे लागतात, तरी मी डोक्याला बॅटरी बांधली होती आणि बरंच झालं. एका ठिकाणी छतातून पाणी ठिबकत होतं. तिथे थांबून भिंतीवर हात ठेवला. खडबडीत, ओला दगड. हे ज्यांनी फोडलं ते आसपासच्याच गावांतले मजूर असणार. आपल्या गावात गाडी येईल, तेल बाजाराला जाईल, पोरं शहरात शिकतील, असं काहीतरी मनात धरून त्यांनी घाव घातले असतील.

आणि मला आप्पा आठवले. परळी-बीड-नगर रेल्वे. आमच्या घरात हे तीन शब्द मी बाराखडीआधी ऐकले असतील. आप्पा मोर्चाला गेले की आई दार लावून वाट बघत बसायची. १९९५ ला मंजुरी मिळाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. त्यानंतर ते म्हातारे झाले. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला गाडी आली तेव्हा फोनवर ते काही बोललेच नाहीत. नुसता गर्दीचा आवाज ऐकू येत होता, आणि मग इंजिनाचा भोंगा.

१० मे, रविवार

आज गिधाडं बघितली.

पेन्योन दे साफ्रामागोन हा एकटा उभा असलेला प्रचंड कडा. ओल्वेराहून पळत जाऊन परत येणं म्हणजे तीस किलोमीटरच्या आसपास, ते माझ्या आवाक्यात नाही. म्हणून आजींच्या भाच्याने याच मार्गावरच्या कोरीपेच्या जुन्या स्टेशनवर सोडलं. तिथून ओल्वेराच्या दिशेला साधारण पाच किलोमीटर. कोरीपेजवळ एक अवाढव्य जुनं ओकचं झाड आहे, २००१ मध्ये त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आधी त्याच्या सावलीत अंग मोकळं केलं.

मुद्दाम दहाला निघाले. एवीतेवी मी उन्हाच्या आधी घरी परतणारी, पण जमीन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय एवढा जड पक्षी उगाच उडत नाही. लवकर गेलं तर ती कड्यावर पंख मिटून बसलेली असतात.

नदीवरच्या पुलावर पोचले आणि पायाखालच्या बारीक खडीवरून एक सावली सरकत गेली. वर बघितलं. अडीच मीटर पसरलेले पंख, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली, पांढुरकी मान आखडून घेतलेली. पंख हलवत नव्हतं. एका पिसाचं टोक तेवढं वाऱ्यात थरथरत होतं. मग दुसरं आलं, तिसरं. मोजायला लागले आणि सव्वीसला सोडून दिलं. ग्रिफॉन गिधाडांची ही वसाहत आंदालुसिया या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, १९८९ पासून हा कडा राखीव आहे.

मी पहिली-दुसरीत असताना आजोळी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायच्या जागी गिधाडं उतरायची. आम्ही पोरं लांबून दगड मारायचो, त्याची आज लाज वाटते. चौथीत गेले तोवर ती दिसेनाशी झाली. कुणी म्हणायचं रोग आला, कुणी म्हणायचं जंगलात गेली. कारण २००४ मध्ये कळलं: आजारी गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. तसं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारताने २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, पण पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तोवर शंभरातली नव्व्याण्णव संपली होती. आणि हे सगळं जगाला माहीत असताना २०१३ मध्ये स्पेनने तेच औषध जनावरांसाठी वापरायला परवानगी दिली. मला हे खरोखर समजत नाही. युरोपातली बहुतेक गिधाडं याच देशात राहतात. दुसरी औषधं आहेत, गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम आहे. आमचं बघून तरी शहाणं व्हावं. साफ्रामागोनच्या स्टेशनात गिधाडांची माहिती देणारं केंद्र आहे, तिथल्या बाईंशी मोडक्या स्पॅनिशमध्ये मी हेच बोलले. त्यांनी माझा हात धरला.

परत पळताना पाय हलके नव्हते.

संध्याकाळी आप्पांना शुक्रवारचा आणि आजचा व्हिडिओ पाठवला. तिकडे मध्यरात्र व्हायला आलेली, तरी लगेच फोन आला.

"रूळ कुठायत गं? काढून नेले का?"

"टाकलेच नाहीत आप्पा. गाडी आलीच नाही इथे."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "बोगदा मात्र पक्का बांधलाय." आणि थोड्या वेळाने, "तू लई जोरात पळतीस. काहीच नीट दिसत नाही. एकदा माझ्यासाठी चालत जा, सावकाश."

मंगळवारी बस आहे. त्याआधी उद्या सकाळी ओल्वेराच्या स्टेशनपासून चालत जाणार आहे. फोन चार्जिंगला लावून ठेवला आहे.