केबल दहा मिनिटांची, अर्थिंग चार दिवसांचं

मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला आला की दुपारी त्याला घरात कोंडूनच ठेवावं लागतं. बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर. यंदा ठरवलं, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर हॉलमध्ये आणून तिथल्या टीव्हीला जोडायचा. दुपारी ह्याचे गेम, रात्री बाबांचे सिनेमे. सेट टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल ड्रॉवरमध्ये पडलेलीच होती.

चित्र लगेच आलं. गेम मात्र बैलगाडीसारखा. मी केबल मदरबोर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, पोर्टात खोचली होती. गेमचं चित्र पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची पोर्टं त्याच्या खाली असतात, पण तेवढं वाकून कोण बघतो! केबल तिकडे लावली. आवाज कॉम्प्युटरमधूनच येत होता, तो विंडोजमध्ये टीव्ही निवडल्यावर सुटला. खालची पट्टी अर्धी कापली जात होती, कारण टीव्ही चित्र जरासं फुगवून कडा छाटतो. त्याच्या मेनूत चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ केला. प्रत्येक कंपनी ह्याला वेगळं नाव देते, शोधावं लागतं.

तरी भाचा म्हणाला, “मामा, हे अजून लटकूनच राहिलं ना.”

खरंच, माउस हलवला की बाण मागून येत होता. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पाहिलं तर ३० हर्ट्‌झ. म्हणजे सेकंदाला फक्त ३० चित्रं. आमच्या टीव्हीचं फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं, चित्र ६० हर्ट्‌झनं पाठवायला एचडीएमआय २.० लागतं, १८ जीबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारं. जुन्या १.४ ची मजल १०.२ पर्यंतच, त्यात फोर-के ३० वरच अडकतं. संशय केबलवर गेला. उन्ह उतरल्यावर बर्डीच्या बाजारात जाऊन १८ जीबीपीएसची केबल आणली, लावली. तरी ३० च!

रात्री अकराला टीव्हीच्या मेनूत सापडलं: बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टासाठी जास्त क्षमतेचा सिग्नल घेण्याचं वेगळं बटण असतं आणि आमच्या टीव्हीत ते मुळात बंद होतं. चालू केलं, ६० आले. मग गेम मोड लावला. नाहीतर टीव्ही प्रत्येक चित्र सुधारत बसतो आणि तेवढ्या वेळात आपला खेळाडू मरतो. बाबांच्या सिनेमासाठी उलट काम: चित्रातली हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. ते चालू असलं की सिनेमा मालिकेसारखा दिसतो, हे बाबांनीच आधी ओळखलं.

सगळं जमलं असं वाटत असतानाच तिसऱ्या दिवशी केबल काढताना बोटांना मुंग्या आल्या. नुकतीच फरशी पुसलेली, मी अनवाणी. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात फिरवला तर तीच झिणझिण. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे आईनं आधी मेन बंद केलं आणि मग मला विचारलं, काय झालं.

इलेक्ट्रिशियन आला. कॅबिनेटला टेस्टर लावला, दिवा पेटला. मग हॉलचा बोर्ड उघडला. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. “भाऊ, अर्थिंग नाहीच न इथं. नुसतं दाखवायले भोक हाय.”

त्यानं समजावलं ते असं: कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट कायम कॅबिनेटच्या धातूच्या बॉडीकडे झिरपतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी म्हणून नुसतं झिणझिणतं, पण एचडीएमआयच्या धातूच्या आवरणातून तेच टीव्हीपर्यंत पोचतं आणि चालू मशीनला केबल खोचताना पोर्ट जळू शकतो. आतल्या खोलीत अर्थिंग होतं म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

चौथ्या दिवशी त्यानं वायर ओढून दिली. तरी टेस्टर मंद पेटत होता. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला तर आतलं मीठ-कोळसा उन्हानं पार खडखडीत. दोन बादल्या पाणी ओतलं, थोडं थांबलो, टेस्टर विझला.

आता कूलर भरायचा पाइप आधी खड्ड्याकडे जातो. ते काम भाच्याकडे आहे. खड्ड्यात पाणी नाही तर गेम नाही, असं आईनं बजावलंय.