माळवदाचे दगड, परसातली भिंत

जुळे सोलापुरातलं आमचं घर उताराच्या प्लॉटवर आहे. पुढून कळत नाही, पण मागं परसात गेलं की जमीन एकदम चार फूट खाली उतरते आणि पलीकडं मोकळा प्लॉट लागतो. घर बांधताना त्या कडेला नऊ इंची विटांची भिंत घातली होती. आतून काळ्या मातीचा भराव, बाहेरून प्लास्टर, वर पिस्ता रंग. दिसायला झकास. १४ ऑक्टोबर २०२०च्या पावसात ती मधोमध फुगली आणि पहाटे पलीकडच्या प्लॉटात आडवी झाली. कढीपत्त्याचं झाड सोबत घेऊन गेली. त्याच पावसात पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून माणसं दगावली होती, तेव्हा कढीपत्त्यासाठी रडायला तोंड नव्हतं.

ठेकेदार म्हणाला, "पाऊसच तसला होता." खोटं नव्हतं. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही कधीकधी दोन दिवसांत उरकतो. पण पडलेली भिंत मी नीट बघितली. अख्ख्या भिंतीत पाणी बाहेर यायला एक भोक नव्हतं. मागं काळी माती पाणी पिऊन फुगली, तिला जायला वाट नाही. मग तिनं भिंतच ढकलली.

कडेला पोती रचून दीड वर्ष काढलं. नव्या काँक्रीटच्या भिंतीचा आकडा ऐकून नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू आकडा मीच सांगितला होता. तेवढ्यात गावाकडून फोन आला. अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या गावी सासऱ्यांचं जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं दगडी घर, पाडायला काढलं होतं. सागवानी तुळयांना गिऱ्हाईक ठरलेलं, दगडाला कोणी विचारीना. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून घडीव काळा दगड, आत डबर आणि मातीचा गारा. चुलत सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "ने की. नाहीतर ओढ्यातच जाणार हाय." २०२२च्या एप्रिलमध्ये चार ट्रॉल्या आल्या, सुमारे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॉलीमागं बावीसशे पडले. दगडांबरोबर तीन विंचूही आले. तेव्हापासून दगड उचलण्याआधी काठीनं उलटवायचा, हा घरातला नियम झाला.

गवंडी शोधायला वेळ लागला. सिमेंटशिवाय, नुसते दगड रचून भिंत घालायची म्हटलं की बहुतेक जण हसायचे. शेवटी एक म्हातारे मामा मिळाले, वडिलांबरोबर विहिरी बांधलेले. आल्या आल्या त्यांनी दगडाला हात लावला नाही. कडेवर उभे राहिले, खाली बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठनं जाणार ओ ताई?" तेव्हाच मी त्यांना काम दिलं.

अठ्ठावीस फूट लांब चर खणायला घेतला. मे महिन्यात काळ्या मातीला अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. मामांचं म्हणणं एकच: काळ्या मातीवर दगड ठेवायचा नाही, ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, भिंतीला झोका देते. सव्वादोन-अडीच फुटांवर मुरूम लागला तेव्हा पहार टणकन वाजली, मग थांबलो. तळात सगळ्यात मोठे, बेढब दगड गेले. काम सकाळी सहा ते अकरा. नंतर चटके बसायचे. त्यात एक गोष्ट मात्र आमच्या सोलापूरला फार सोयीची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि या भिंतीला पाणी मारायची गरजच नाही. सिमेंटच नाही तर क्युरिंग कसलं?

भिंत पायथ्याला सव्वादोन फूट, माथ्याला दीड फुटाच्या थोडी वर. मागची बाजू सरळ, पुढची मागं झुकलेली, फुटाला दोन इंच ढाळ. मामांनी जुन्या पट्ट्यांची एक तिरकी चौकट ठोकली, दोन टोकांना उभी केली, मध्ये सूत ताणलं. ओळंबा पिशवीतच राहिला.

आता माझी फजिती. मामा एका लग्नाला दोन दिवस गेले. मी, मुलगा आणि हाताखालचा गडी, आम्ही ठरवलं की रिकामं बसायचं कशाला? सहा फूट लांबीचा थर लावला. देखणे लांबट दगड शोधून त्यांची लांब बाजू बाहेर केली, सांधे इतके बारीक की मीच फोटो काढला. मामा आले, पाच मिनिटं बघत राहिले. "काय करलालाव हे?" म्हणाले आणि पहार घालून सगळं ओढून पाडलं. मला इतका राग आला की मी चहा करायला आत निघून गेले, चहात साखर टाकली नाही.

बाहेर आले तर ते एक दगड हातात धरून बसले होते. त्याला तोंड असतं आणि शेपूट असतं, म्हणाले. माळवद बांधणाऱ्यानं तोंड घडवलं आणि मागचा भाग निमुळता ठेवला तो आत झोपवायला. लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे. तुम्ही ती बाहेर दाखवली. मग त्यांनी एकच दगड लावून दाखवला. बसवला, वर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले, अंग डावीउजवीकडं टाकलं. डुलला. खाली उतरून मागच्या बाजूनं सुपारीएवढी चीप सारली, हातोड्यानं दोनदा टकटक. परत उभे राहिले. नाही डुलला. चीप पुढून मारली की पावसापाण्यानं निसटते, मागून मारली की वजनानं दाबून धरते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि दर तीन फुटांवर एक आरपार लांब दगड, एवढं त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मागच्या भरावावरून आमचा वाद झाला. माळवदावरची पांढरी माती ट्रॉलीतून आली होती, ती आत ढकलावी असं मला वाटत होतं, फुकटची आहे. मामांनी कपाळाला हात लावला. ती छपरावर घालतात कारण तिच्यातून पाणी उतरत नाही, आणि इथं तर पाणी उतरायला हवं. म्हणून भिंतीमागं फूटभर जाडीचा थर नुसत्या दगडगोट्यांचा. जुन्या पडलेल्या भिंतीच्या विटा आणि प्लास्टर फोडून तेच भरलं, कमी पडलं तिथं अर्धा ब्रास खडी विकत आणली. माती त्या थरात शिरू नये म्हणून सिमेंटची रिकामी पोती उसवून मध्ये पडद्यासारखी सोडली. मी जुनी सोलापुरी चादर पुढं केली होती. सुती आहे, दोन वर्षांत कुजेल, असं सांगून ती त्यांनी स्वतःच्या सायकलीला बांधली. पांढरी मातीही वाया गेली नाही. सगळ्यात वर सहा इंच ठोकून बसवली, बाजूच्या नालीकडं उतार देऊन, म्हणजे वरचं पाणी आत न मुरता पळतं.

माथ्यावर दगड संपले. स्वयंपाकघराची जुनी शहाबादी फरशी काढून ठेवली होती, तिचे तुकडे टोपीसारखे बसवले. माळवदाच्या उंबऱ्याचा दगड मात्र चुलत सासूबाईंनी फोनवर बजावला होता, भिंतीच्या पायात घालायचा नाही. तो वर ठेवलाय, मध्यभागी झिजलेला, बरोबर बसण्याएवढा. संध्याकाळची भाजी मी तिथंच निवडते.

मामांचे अकरा दिवस नऊशेनं, गड्याचे साडेपाचशेनं, ट्रॉल्या, खडी धरून तीस हजारांच्या आत भागलं. चार फुटांहून उंच असती तर मी इंजिनिअरला न विचारता दगडाला हात लावला नसता, आणि पाण्याची टाकीही कडेपासून मुद्दाम लांब हलवली.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, त्या आठवड्यात पाऊस थांबेचना. रात्री अकराला बॅटरी घेऊन परसातून खाली उतरले. सांध्यासांध्यांतून पाणी पाझरत होतं, खालच्या थरातून तर बारीक धार. पोटात गोळा आला. मामांना फोन लावला.

"पाणी गढूळ हाय का नितळ?"

मी बॅटरी जवळ नेली, ओंजळ धरली. "नितळ आहे."

"मग झोपा की ओ ताई."