तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं नॉर्मल, मग पाय का आखडतात?

जळगाव-धुळ्याकडचे रुग्णांचे नातेवाईक रिपोर्टांची थप्पी पुढे ठेवून हेच विचारतात. विषय असतो स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एन्झाइमच्या आनुवंशिक आजारांचा. शेवटी वैतागून, "निदानाला इतकी वर्षं का?" डॉक्टरांना कळत नाही म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. बहुतेकदा तपासणीचा दिवस चुकलेला असतो.

चरबीतून ऊर्जा काढणाऱ्या सीपीटी-२ एन्झाइमची कमतरता घ्या. दुखण्याच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, बहुधा नॉर्मलच. मग चैत्रात उपाशीपोटी, अंगात कणकण असताना कोणी सप्तशृंगी गडाची पायी वारी धरतो. रात्री मांड्या आखडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली. कोणी मूतखडा म्हणतं, दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतं, आणि आधीच ताणलेल्या किडनीवर आणखी भार पडतो. खरं तर हाच दिवस हाती लागायला हवा. लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, तेव्हा ते बहुधा स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन असतं. त्याच वेळी सीपीके, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पाहावं. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी असिलकार्निटिनसाठी (चरबी वापरण्यातला अडथळा दाखवणारी तपासणी) रक्त काढून ठेवावं. मात्र नमुन्यासाठी सलाईन अडवू नये. सीपीके एक ते तीन दिवसांत शिखर गाठतो, नंतर रोज साधारण निम्म्याने उतरतो. आठवड्याने मोठ्या दवाखान्यात गेलात की कागदावर फारसं काही उरत नाही. यकृताप्रमाणे स्नायूंतूनही येणारे एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले दिसले की यकृताच्या गोळ्या सुरू होतात; स्नायूंतून न येणारं, यकृताचं जीजीटी नॉर्मल आहे का, हे कोणी बघत नाही.

मॅकआर्डल रोग वेगळा; त्यात स्नायूंना स्वतःत साठवलेली साखर वापरता येत नाही. १९५१ साली वर्णन झालेला. तिथे सीपीके एरवीही वाढलेला असतो, आणि जड कामाच्या पहिल्या मिनिटांतच स्नायू धरतात. थोडं थांबून पुन्हा चाललं की आठ-दहा मिनिटांनी त्रास उतरतो, चालणं सोपं होतं. नेमकं हेच विचारायचं राहून जातं. विचारायला पैसेही लागत नाहीत! हाताच्या व्यायामाच्या चाचणीत रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायूंनी साखर वापरताना तयार होणारा पदार्थ, वाढत नाही, अमोनिया वाढतो. दोन्ही वाढले नाहीत, तर रुग्णाने जोरच लावलेला नाही, चाचणी पुन्हा करा.

आधी बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणं, असं माझं जुनं मत. पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकला की एन्झाइमची तपासणी संपली. तो गोठवूनच न्यावा लागतो. झटक्यानंतर लगेच घेतला, तर नव्याने वाढणाऱ्या तंतूंमुळे मॅकआर्डलसुद्धा लपू शकतो. म्हणून आता मी जनुकतपासणी आधी सांगतो. मामाची मुलगी केलेल्या घरात तर जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल सापडण्याची शक्यता जास्त. तरीही "अर्थ अनिश्चित" असा रिपोर्ट येतो, आई-वडिलांचं रक्त मागावं लागतं, एखादा बदल सापडतच नाही. तेव्हा माझं जुनं मत पुन्हा डोकं वर काढतं, आणि ते खोडायला दरवेळी माझ्याजवळ पुरावा असतोच असं नाही.