आमिष नको, पाण्यातली खोली बदला

तळ्यावर ट्राउट मासा लागेना की हात आधी आमिषांच्या डबीकडे जातो. आजची नोंद त्याच सवयीविरुद्ध.

ओढ्यातला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, खाणं वाहत त्याच्यापर्यंत येतं. तळ्यातलं पाणी उभं, तिथे मासाच फिरतो. उथळ पाणी संपून रंग एकदम गडद होतो त्या रेषेलगत त्याचे फेरे चालतात. ओढा तळ्याला मिळतो तो कोपराही चुकवू नये. पाणी गार असतं आणि किडेही वाहून येतात.

पहाटे मासा काठाशी असतो. म्हणून पहिले गळ पाण्यापासून चार-पाच पावलं मागे राहून, काठाला समांतर टाकायचे. पावलांचा धक्का त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेतून (कंपनं टिपणाऱ्या कुशीवरच्या रेषेतून) कळतो. थेट पाण्यात उतरणारा माणूस सकाळची सगळ्यात चांगली संधी स्वतःच पळवून लावतो.

ऊन चढलं की मासा खाली जातो, आणि मग मोजणी सुरू. दोन मीटरची हलकी काठी, 2 किलो ताणाचा तंगूस (गळाची दोरी), 3 ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष. स्पून पाण्यावर पडताच आकडे मोजावेत, जितके आकडे जास्त तितका तो खोल. पाचला ओढायला लागा, पुढच्या वेळी आठला, मग अकराला. गवत अडकलं की दोन आकडे मागे या. मासा लागला तो आकडा वहीत उतरवा, पुढचे गळ त्याच आकड्यावर. बुडताना तंगूस ढिला सोडला तर मासा स्पून तोंडात घेऊन थुंकतो आणि हाताला काहीच कळत नाही.

स्पिनर, म्हणजे गरगर फिरणारं आमिष, लावलात तर दीड-दोन फूट वर स्विव्हल (फिरती कडी) हवाच. त्याविना तंगुसाला पीळ बसतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी, कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते.

वारा सुटला तर तो तोंडावर येईल त्या काठावर जावं. फेकणं जड जातं, पण पाण्यावर पडलेले किडे तिकडेच गोळा होतात.

थर्मामीटर दोरीने पाण्यात सोडून बघावा. 10 ते 16 अंशांत ट्राउट जोमाने खातो. 20 च्या वर काठी गुंडाळावी. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडूनही मरू शकतो. यात तडजोड नाही.

सोडायचाच असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवा. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ पाण्यातच काढा आणि मासा स्वतः शेपटी मारेपर्यंत त्याला पोटाखाली आधार द्या.