दुबईला आईवडिलांची औषधं नेताना : माझा अनुभव

दुबईच्या व्हिसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दिलं की एजंट तो काढून देतो. मला लिहायचंय ते आईवडिलांच्या गोळ्यांबद्दल, आणि त्या गोळ्यांसाठी लागणाऱ्या डॉक्टरांच्या एका कागदाबद्दल. सगळ्या तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ त्या एका कागदाने खाल्ला, आणि तो खाण्याचं काहीही कारण नव्हतं.

आधी मुद्दा काय तो सांगते. संयुक्त अरब अमिरातीत काही औषधं नियंत्रित यादीत आहेत. आपल्याकडे ती चिठ्ठीवर, कधीकधी चिठ्ठीशिवायसुद्धा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मिळतात. तिथे परवानगीशिवाय बॅगेत सापडली तर प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जाऊ शकतं. ट्रामाडॉल, कोडिन, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रीगाबालिन ही त्यातली आपल्या घरांत सर्रास असणारी नावं. पण घरात या गोळ्यांना या नावांनी कुणीच ओळखत नाही. मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून दिलेली गोळी घरात ‘नसांची गोळी’ असते, नाहीतर सरळ ‘व्हिटॅमिन’. तिच्यात बरेचदा मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी१२ व्हिटॅमिनच्या, जोडीला प्रीगाबालिन असतं. गुडघेदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असू शकतं, पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड, रात्रीच्या ‘झोपेच्या अर्ध्या’मध्ये क्लोनाझेपाम आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडिन. म्हणून तिकिटं काढली त्याच आठवड्यात घरातली प्रत्येक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा आणि घटकांची नावं वहीत उतरवून काढा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचलं की सोपं जातं.

यादीतलं काही सापडलं तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, की प्रवासापुरती दुसरी गोळी चालेल का. कधी चालते, आणि मग पुढचं सगळं टळतं. चालत नसेल तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. क्लोनाझेपाम किंवा प्रीगाबालिन एकदम तोडलं तर झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो, आणि झटकेही येऊ शकतात.

परवानगीचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो. वर्षानुवर्षं हे काम तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडे होतं. अलीकडे औषधांची बरीच कामं एमिरेट्स ड्रग एस्टॅब्लिशमेंट या तिथल्या औषध-नियामक संस्थेकडे गेली आहेत, त्यामुळे कुणी पाठवलेल्या जुन्या लिंकवर विसंबू नका. यूएई सरकारच्या मुख्य पोर्टलवरून ‘वैयक्तिक वापरासाठी औषधं आणण्याची परवानगी’ ही सेवा शोधा. खातं उघडायचं, पासपोर्टची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल जोडायचा, औषधाचं नाव, ताकद आणि संख्या भरायची. हा भाग एका बैठकीत होतो. तिथे शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं आणि शनिवार-रविवार सुट्टी, एवढं धरून आठवड्याच्या सुरुवातीला अर्ज टाका.

आता तो वैद्यकीय अहवाल.

आपल्या रुग्णालयांची सगळी कागदपत्रांची रचना दाखल झालेल्या रुग्णाभोवती आहे. रुग्ण दाखल झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड मिळतं, आणि त्यावर निदानापासून औषधांपर्यंत सगळं असतं. पण जो माणूस दहा वर्षं दर तीन महिन्यांनी ओपीडीत दाखवतोय, त्याच्याकडे फक्त चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. अमिरातीला हवा असतो अहवाल, म्हणजे आजार काय, औषध का आणि किती दिवस, हे सांगणारं पत्र. रेकॉर्डच्या खिडकीवर उत्तर येतं, “ओपीडीचा रिपोर्ट आम्ही देत नाही.” डॉक्टरांकडे गेलं की ते म्हणतात, “रेकॉर्डमधून घ्या.” या दोन खिडक्यांच्या मधे मी तीन आठवडे फिरत होते. मधेच कुणीतरी ‘फिट टू फ्लाय’चा छापील फॉर्म हातात ठेवला. तो विमान कंपनीसाठी असतो, परवानगीच्या अर्जात त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याचे पैसे भरू नका.

मला फार उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी, की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमावलीत लिहिलेलं आहे, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर मागणीची पोच द्यायची आणि कागदपत्रं ७२ तासांच्या आत द्यायची. याच नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. तेव्हा तोंडी मागत राहू नका. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. आईवडील स्वतः येऊ शकत नसतील तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत सोबत न्या. शिक्का बसलेला अर्ज हातात आला की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे मी पाहिलंय.

पण नियमाने मिळतात ती असलेली कागदपत्रं. नवं पत्र डॉक्टरांनाच लिहावं लागतं, आणि तिथेही अडतं, कारण ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ते कधी लिहिणार? यावर उपाय म्हणजे पत्र आपणच टाइप करून न्यायचं. भाषा इंग्रजी. वर रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक. मग निदान, आणि किती वर्षांपासून आहे ते. मग प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, शेजारी आपल्याकडच्या पट्टीवरचं नाव, ताकद मिलिग्रॅममध्ये, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि एकूण गोळ्या किती. शेवटी प्रवासाच्या तारखा आणि ‘हे औषध रुग्णाला नियमित घ्यावं लागतं’ असं एक वाक्य. डॉक्टरांनी ते तपासून रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्यायचं, सही करायची, आणि खाली पदवी, शिक्का व नोंदणी क्रमांक टाकायचा. महाराष्ट्रात हा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो. शिक्क्यात क्रमांक नसेल तर हाताने लिहून घ्या. हे पत्र तयार नेलं आणि तीन आठवड्यांचं काम पाच मिनिटांत झालं. पहिल्याच दिवशी कुणी एवढं सांगितलं असतं तर! म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

पत्र आणि चिठ्ठी कुठे चुकते तेही सांगते. चिठ्ठीवर ‘चालू औषधं सुरू ठेवा’ एवढंच लिहिलं असेल तर ती चिठ्ठी नसल्यासारखीच आहे, कारण नाव नाही, संख्या नाही. ‘गरज लागल्यास’ लिहिलेल्या गोळीची एकूण संख्या कुणालाच काढता येत नाही, तिथे ‘दिवसाला जास्तीत जास्त एक’ असं लिहून घ्या. वर्षभरापूर्वीची चिठ्ठी जोडू नका, प्रवासाच्या आधीच्या महिन्यातली ताजी घ्या. पंधरा दिवसांच्या सहलीला तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून आणू नका. मुक्कामाचे दिवस आणि वर चार-पाच दिवस एवढंच मागा. नियंत्रित औषध महिन्याच्या वर तर नेऊच नका.

आणि नाव. आपल्याकडे हा घोळ हमखास असतो. रुग्णालयाच्या फाइलवर सगळं नाव एका ओळीत, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. आईची फाइल ‘सौ.’ लावून सासरच्या नावाने, पासपोर्टवर मधलं नाव वेगळं, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं. पत्रावर आणि ताज्या चिठ्ठीवर पासपोर्टमधलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तसंच हवं. रुग्णालयाच्या संगणकात नाव दुरुस्त करायला आधार कार्ड मागतात, तेव्हा ते बरोबर ठेवा, नाहीतर आणखी एक फेरी. नावावरून आठवलं, पासपोर्टवर आडनावाची किंवा नावाची जागा कोरी असेल, म्हणजे एकच नाव असेल, तर अमिरात २०२२ च्या नोव्हेंबरपासून असा पासपोर्ट पर्यटक व्हिसासाठी स्वीकारत नाही. काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर असं असतं. हे व्हिसाचे पैसे भरण्याआधी तपासा.

परवानगी आली की छापून घ्या, दोन प्रती. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात आणि अखंड पट्टीत. मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या पट्टीवर नाव आणि मुदत नेमकी कापली जाते, म्हणून मुद्दाम पूर्ण पट्ट्या मागा आणि बिल रुग्णाच्या नावाने घ्या. सोमवार ते रविवार खणांची डबी घरी ठेवा. डबीतल्या सुट्या गोळ्या कसल्या आहेत हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. विमानतळावर उतरल्यावर कस्टमच्या लाल मार्गाने, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही असलेल्यांच्या रांगेने, जा आणि कागद स्वतःहून दाखवा. इन्सुलिन या यादीत नाही, पण ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका, तिथे गोठण्याची भीती असते. हातात ठेवा आणि डॉक्टरांच्या पत्रात सुयांचा उल्लेख करून घ्या.

युरोप-अमेरिकेला जाताना दुबईत किंवा अबुधाबीत फक्त विमान बदलत असाल तरी कायदा तोच लागू होतो, हे मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावं.

आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहू नका. झोपेसाठी आणि सांधेदुखीसाठी आपल्याकडे ‘विजया’ची औषधं मिळतात. विजया म्हणजे भांग. तिथे ती चालत नाही, भांगेच्याच झाडापासून काढलेलं सीबीडीचं तेलही चालत नाही.

आणि खसखस! हे प्रत्येक मराठी घराने भिंतीवर लिहून ठेवावं. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. पुडी तर सोडाच, अनारशांना लावलेली, करंजीच्या सारणातली, डिंकाच्या लाडवातली आणि घरच्या गोड्या मसाल्यातलीही मोजा. लेकीसाठी फराळ किंवा मसाला नेत असाल तर खसखस न घालता वेगळा करा. विड्याची पानंही नेऊ नका.

बाकी फिरताना त्रास असा काही नाही. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते. बायकांनी डोकं झाकायला ओढणी आणि घोट्यापर्यंत सैल कपडे ठेवावेत. सुती पंजाबी ड्रेस उत्तम. साडी नेसणार असाल तर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाला आणि वर शाल घ्या, म्हणजे पोट-पाठ झाकली जाते. पुरुषांनी अर्धी पँट घालू नये. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तो दिवस मॉलसाठी ठेवा. अबुधाबीचं बीएपीएस मंदिर, म्हणजे स्वामीनारायण संप्रदायाचं हिंदू मंदिर, २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलं. तिथेही आधी नोंदणी करा, सोमवारी बंद असतं. रमजानमध्ये दुबईतली हॉटेलं दिवसा सुरू असतात, पण रस्त्यावर खाणं-पिणं टाळा. वडिलांना मधुमेहाची गोळी काही खाल्ल्यावर घ्यायची असेल तर ते खाणं उपाहारगृहात बसूनच करा. मेट्रोत बिस्किट तोंडात टाकलं तरी १०० दिरहम दंड आहे, आणि साखर कमी होणाऱ्या माणसाबरोबर असताना हे आधी माहीत असलेलं बरं. स्थानकात शिरण्याआधी खायला द्या. बायका-मुलांच्या डब्यात चुकून पुरुष शिरला तरी दंड होतो, जमिनीवरची गुलाबी पट्टी बघा. शारजात दारू पूर्ण बंद आहे. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे, फोटो काढू नका.

अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घरून निघताना डॉक्टरांकडून ताप-जुलाबाची औषधं लिहून घ्याल तेव्हा तीही त्याच पत्रात घाला, म्हणजे पुन्हा त्या खिडकीवर जावं लागणार नाही.